गाडीला तहान का लागते?

मुलांनो, वैशाख सुरू झाला की आपल्या खानदेशात उन्हाचा कसा कहर होतो, हे तुम्हांला सांगायला नको. सकाळी दहा-अकरा वाजताच रस्ते ओस पडू लागतात. दुपारी पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. अशा दिवसांत तुम्ही चाळीसगावहून कन्नडच्या रस्त्याने कधी गेला असाल, तर घाटात एक दृश्य नक्की पाहिले असेल. रस्त्याच्या कडेला एखादी मोटार उभी असते. तिचे बॉनेट उघडे असते. आतून वाफ निघत असते आणि चालक हातात पाण्याची बाटली घेऊन चिंतेने उभा असतो. “काय झाले?” असे विचारले, तर उत्तर मिळते, “गाडी तापली.”

या घाटाला औट्रम घाट असेही म्हणतात. १८२५ साली खानदेशात आलेल्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव त्याला मिळाले आहे. भोवतालचे जंगल १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून राखीव आहे. खाली खानदेशचे मैदान आणि वर मराठवाड्याचे पठार. या दोहोंना जोडणारी ही वळणावळणाची चढण गाड्यांची जणू परीक्षाच घेते.

गाडी पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालते, हे आपण जाणतो. मग तिला पाणी कशाला लागते? लहानपणी हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला पुस्तकात नव्हे, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका गॅरेजमध्ये मिळाले.

तुमच्याप्रमाणे मीही उर्दू शाळेत शिकलो. घरी उर्दू बोलत. गॅरेजमध्ये मात्र कानांवर मराठी, हिंदी आणि अहिराणी अशा तिन्ही भाषा पडत. तेथील मिस्त्रींना सगळे गाव ‘उस्ताद’ म्हणे. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. पाने आणि पकडी हातात द्यायच्या, कापडाने नट पुसायचे, ही माझी कामे. उस्ताद फार बोलत नसत. पण जे बोलत, ते पक्के लक्षात राही.

एकदा त्यांनी मला विचारले, “बेटा, धावून आल्यावर तुला घाम का येतो?”

“अंग तापते म्हणून.”

“मग इंजिनाच्या पोटात तर आगच पेटलेली असते. त्याने काय करावे?”

खरोखरच, इंजिनाच्या पोटात आग असते. इंधन जळते, त्या जळण्याच्या जोराने गाडी पुढे जाते. पण इंधनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांश उष्णताच गाडी ओढण्याच्या कामी येते. सुमारे तेवढीच उष्णता धुरावाटे बाहेर जाते आणि उरलेली बरीचशी इंजिनाच्या धातूत शिरते. ती वेळीच बाहेर काढली नाही, तर धातू फुगतो, तेल पातळ होते, भाग एकमेकांना घासतात आणि शेवटी इंजिन जाम होते. मग हजारो रुपयांचा खर्च येतो.

ही उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी करते. इंजिनाच्या भिंतींमध्ये पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून पाणी फिरते आणि उष्णता उचलते. मग ते रबरी नळीतून गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत येते. हा रेडिएटर. त्याच्या बारीक नळ्यांवरून आणि पातळ पत्र्यांवरून वारा वाहतो, पाणी थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. पंप त्याला फिरवत राहतो. वारा कमी पडला, तर पंखा मदतीला येतो. मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप असते. इंजिन थंड असेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. पाणी पुरेसे गरम झाले की उघडते. कारण इंजिन फार गरम नको, तसे फार थंडही नको. ९० अंशांच्या आसपास त्याची तब्येत ठीक असते.

आता तुम्ही म्हणाल, तेच पाणी आत फिरते, तर ते संपते कसे? फार चांगला प्रश्न आहे. या पाठाचे सारे मर्म त्याच प्रश्नात आहे.

अगदी सुरुवातीच्या मोटारी खरोखरच पाणी पीत असत. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई. १८८८ साली त्यांची पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन त्या गाडीने मानहाइम शहरातून फोर्झहाइमला आपल्या माहेरी गेली. सुमारे शंभर किलोमीटरचा तो प्रवास. वाटेत जेथे पाणी मिळेल तेथे थांबून गाडीला पाजावे लागले. मोटारीने एवढ्या लांब जाणारी ती पहिलीच बाई, आणि गाडीची तहान काय असते, हे तिला चांगलेच कळले असेल.

पुढे विल्हेल्म मायबाख या कारागिराने मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेला रेडिएटर तयार केला. १९०१ च्या सुमारास तो मर्सिडीझ गाडीत आला. वाऱ्यानेच पाणी थंड होऊ लागले आणि थोड्या पाण्यात काम भागू लागले. १९०८ साली निघालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीत तर बहुतेकांना पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर जाते आणि थंड पाणी खाली उतरते. हा विज्ञानाच्या पुस्तकातला नियम एवढाच तिचा पंप! आपल्याकडे विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनांची युक्ती आणखी साधी होती. इंजिन विहिरीतून जे पाणी उपसे, त्याचीच एक धार स्वतःच्या अंगातून फिरवून घेई.

आजच्या मोटारीत हे सगळे बंदिस्त असते. पाणी फिरते, पण बाहेर जात नाही. म्हणून उस्ताद म्हणत, “चांगली गाडी पाणी पीत नाही. पिऊ लागली, तर ती आजारी आहे असे समज.” अनेक चालक रोज पाणी भरतात आणि पुढे निघतात. तहान भागली, आजार तसाच राहिला. घरात मुलाला रोज ताप येतो आणि आई रोज कपाळावर पट्ट्या ठेवते. पट्ट्या ठेवायलाच हव्यात. पण ताप का येतो, हे डॉक्टरांना विचारायला नको का?

पाणी कमी होण्याची कारणे थोडीच आहेत. रबरी नळीला तडा गेलेला असतो किंवा तिची क्लिप सैल झालेली असते. रेडिएटरला बारीक भोक पडते. पंपातून थेंब गळतो. झाकणाचे रबर झिजते. सकाळी गाडी हलवल्यावर जमिनीवर हिरवा किंवा गुलाबी ओला डाग दिसला, तर ती गाडीने लिहिलेली चिठ्ठीच समजा. सर्वांत वाईट म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचे गॅस्केट जळणे. मग पाणी इंजिनाच्या आत शिरते, मागून पांढरा धूर येत राहतो, तेलात पाणी मिसळून ते दुधाळ चहासारखे दिसते. बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि पाणी मात्र रोज कमी होते. अशी गाडी पुढे नेऊ नये.

घाटातच गाडी का तापते, तेही पाहू. चढावर इंजिनाला जोर जास्त लावावा लागतो, म्हणजे आग जास्त. वेग मात्र कमी, म्हणजे समोरून येणारा वारा कमी. त्यातच उन्हाळा. थंडीत बाहेरची हवा २० अंश असेल, तर ९० अंशांच्या पाण्यात आणि हवेत ७० अंशांचा फरक असतो. मे महिन्यात हवाच ४५ अंश झाली, की फरक उरतो अवघा ४५ अंशांचा. जेवढा फरक कमी, तेवढी उष्णता सावकाश निघते. वर एसी चालू असेल, माणसे आणि सामान खच्चून भरले असेल, तर इंजिनावर आणखी भार पडतो. सपाट रस्त्यावर जी लहानशी गळती चालून जाते, ती घाटात चालत नाही.

१९९४ सालच्या मे महिन्यातली एक घटना मी विसरू शकत नाही. सुट्टीत मी एका जीपने तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, निघालो होतो. जीपमध्ये एक आजारी आजीबाई होत्या. त्यांचा मुलगा त्यांना तेथल्या दवाखान्यात घेऊन चालला होता. डॉक्टरांची वेळ ठरलेली होती. अर्धा घाट चढलो आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. जीप थांबली. मुलगा सारखे घड्याळ पाहत होता. आजी डोळे मिटून बसल्या होत्या. चालक भला माणूस होता. त्याला त्यांची कणव आली. थांबायला वेळ नाही, या घाईत त्याने गमछा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण फिरवले.

पुढचा क्षण मला आजही आठवतो. मोठा फस्स असा आवाज झाला. उकळत्या पाण्याचा फवारा माणसाच्या उंचीएवढा उडाला. चालकाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चेहरा त्याने वेळीच फिरवला म्हणून डोळे वाचले. प्रवाशांतील एका जाणत्या माणसाने पाण्याचा कॅन पुढे केला आणि कितीतरी वेळ त्याच्या हातावर पाण्याची धार धरली. कोणी म्हणाले, टूथपेस्ट लावा. कोणी म्हणाले, शाई लावा. त्या माणसाने काहीही लावू दिले नाही. ते त्याने फार बरोबर केले. भाजलेल्या जागी प्रथम साधे गार पाणीच सुमारे वीस मिनिटे ओतावे आणि मग दवाखाना गाठावा. आजीबाईंना मागून आलेल्या एस.टी.त बसवून दिले. चालकाला मात्र पुढे महिनाभर चाक धरता आले नाही, आणि त्याचे घर रोजच्या फेऱ्यांवर चालत होते.

असे का झाले? तुमच्या घरी कुकर आहे ना? कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, म्हणून पाणी १०० अंशांना न उकळता आणखी तापते आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे झाकणही कुकरच्या झाकणासारखेच असते. ते आत दाब ठेवते. त्यामुळे आतले पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पण झाकण उघडताच दाब एकदम जातो आणि इतका वेळ दबून राहिलेले पाणी एका क्षणात उकळून उठते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. तेवढी जागा तिला कोठे मिळणार? ती समोरच्या माणसाच्या अंगावर येते. शिट्टी होणाऱ्या कुकरचे झाकण आई कधी उघडते का? मग तापलेल्या गाडीचे झाकण आपण का उघडावे?

मी घरी परतल्यावर उस्तादांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “सकाळी निघताना त्याने बॉनेट उघडून पाहिले होते का?”

त्या प्रश्नाचा अर्थ मला नंतर उलगडला. घाटात धीर सुटला, तो आजारी माणसाच्या घाईमुळे. पण सकाळी दोन मिनिटे दिली असती, तर घाटात घाई करण्याची वेळच कदाचित आली नसती.

ही दोन मिनिटे कशी द्यायची, ते सांगतो. गाडी रात्रभर उभी असावी, इंजिन पूर्ण गार असावे आणि जमीन सपाट असावी. बॉनेट उघडले की रेडिएटरजवळ एक पांढरट, आरपार दिसणारी टाकी असते. तिच्यावर दोन खुणा असतात, वरची आणि खालची. आतला द्रव या दोन खुणांच्या मध्ये असला पाहिजे. त्यासाठी झाकण उघडण्याचीही गरज नसते, बाहेरूनच दिसते. द्रव खालच्या खुणेच्या खाली गेला असेल, तर वडीलधाऱ्यांनी झाकणावर जाड कापड ठेवून ते सावकाश फिरवावे आणि द्रव वरच्या खुणेपर्यंत भरावा. काठोकाठ भरू नये. गरम झाल्यावर द्रव फुगतो, त्याला जागा हवी. टाकी अगदीच रिकामी दिसली, तर गाडी सुरूच करू नये, मिस्त्रींना बोलवावे. झाकण घट्ट लावायचे आणि त्या दिवसाची तारीख एका वहीत लिहायची. महिन्याभरात पुन्हा भरावे लागले, तर वही तुम्हांला सांगेल की कोठेतरी गळती आहे.

टाकीत काय भरावे? नळाचे किंवा बोअरचे पाणी नको. आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. चहाच्या किंवा पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसलेला तुम्ही पाहिला आहे. तोच थर इंजिनाच्या अरुंद वाटांत बसतो आणि त्या बुजवून टाकतो. म्हणून शुद्ध केलेले डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण भरतात. बऱ्याच गाड्यांत ते निम्मे-निम्मे असते. बाजारात तयार मिश्रणही मिळते. त्यात पुन्हा पाणी घालायचे नसते. म्हणून डब्यावरचा मजकूर वाचावा. हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी कूलंट ओतू नये. गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल, तेच वापरावे.

कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव असतो. लेह-लडाखच्या थंडीत साधे पाणी गोठते, गोठताना फुगते आणि इंजिन फोडते. कूलंट ते गोठू देत नाही. चाळीसगावला बर्फ पडत नाही, मग आपल्याला कूलंट कशाला, असे काहीजण विचारतात. आपल्याला ते दुसऱ्या दोन कामांसाठी हवे. ते पाण्याचा उकळण्याचा बिंदू वाढवते आणि त्यातली औषधे गंज धरू देत नाहीत. मात्र लक्षात ठेवा, एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. सरबताच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये. सांडले तर लगेच पुसून घ्यावे.

प्रवासात काटा लाल खुणेकडे चढू लागला, तर एसी बंद करावा. हीटर सुरू करून काचा उघडाव्यात. आपल्याला गरम होईल, पण तेवढी उष्णता इंजिनातून निघेल. तरीही काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी गाडी उभी करून इंजिन बंद करावे. मग निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतले की पेला तडकतो, तसा धातूही तडकू शकतो. इंजिन गार झाल्यावर दुसरे काहीच नसेल, तर पिण्याचे स्वच्छ पाणी भरून जवळचे गॅरेज गाठावे. नंतर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्यावे.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यांनी रेडिएटरची जाळीही पाहावी. मळणीच्या दिवसांत भुसा आणि धूळ जाळीत अडकते. पाणी पुरेसे असूनही वारा आत जात नाही आणि ट्रॅक्टर तापतो. विजेवर चालणाऱ्या अनेक नव्या मोटारींतही बॅटरी थंड ठेवण्यासाठी असाच द्रव फिरत असतो. म्हणजे इंजिन बदलले, तरी टाकीवरच्या दोन खुणा पाहण्याची सवय जुनी होणार नाही.

मुलांनो, उर्दूतला ‘सब्र’ आणि मराठीतली ‘सबुरी’ ही एकाच घरची भावंडे आहेत. ‘दम’ हा शब्दही फारसीतून दोन्ही भाषांत आला. दम म्हणजे श्वास. पण मराठीत ‘दम धर’ म्हटले की त्याचा अर्थ होतो ‘थोडा धीर धर’. तापलेल्या गाडीपाशी हा शब्द आठवा. झाकणाकडे कोणी हात नेला, तर त्याला मोठ्याने सांगा, “दम धरा!” तुम्ही वयाने लहान असाल, तरी हे सांगण्यात संकोच नको. त्या दोन शब्दांनी एखाद्याचा हात किंवा डोळे वाचतील.

आणि उद्या सकाळी घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाबरोबर गाडीपाशी उभे राहा. टाकीवरच्या दोन खुणा शोधा. द्रव कोठे आहे, ते पाहा. कमी असेल, तर आधी भरा. पण भरून झाल्यावर ‘कमी का झाला?’ हा प्रश्न विचारायला विसरू नका.